अव्वाचं बोट आणि ‘फान देर’चा रकाना

जानेवारीत नेदरलँड्सहून गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला आलो, तेव्हा शेजारच्या अव्वाला (म्हणजे आजीला) घेऊन ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवायला, सेवा केंद्रात गेलो. पूर्व भागातल्या आमच्या बोळात मराठी घरं दोन-तीनच, बाकी सगळे तेलुगू. त्यामुळं ती आमचीही अव्वाच. चाळीस वर्षं विड्या वळल्यात तिनं. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं. ओलसर पान गुंडाळायचं, दोरा बांधायचा, तोंड नखानं आत दुमडायचं, असं दिवसाला हजार वेळा.

केंद्रातल्या पोरानं यंत्र पुढं सरकवलं. अंगठा लागला नाही. तर्जनीही नाही. “अव्वा, दाबून ठेवा की जरा.” ओल्या फडक्यानं बोट पुसलं, तरी तेच. पडद्यावर इंग्रजीत एक लाल ओळ आली. अव्वा माझ्याकडं बघून म्हणाली, “माझंच कायतरी चुकतंय बाबा.”

झिजलेल्या बोटासाठी आधारमध्ये पर्याय आहेत: डोळा, चेहरा, ओटीपी. पण मोबाइल नंबर पोराचा आणि पोरगा पुण्यात. डोळ्याचं यंत्र त्या केंद्रात नव्हतं. चेहऱ्याचं म्हणाल, तर चेहरा बघून बाई की पुरुष ते सांगणाऱ्या तीन प्रणाली अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि तिमनिट गेब्रू यांनी २०१८मध्ये तपासल्या होत्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ओळख पटवणं हे काम वेगळं, मान्य. पण यंत्राला शिकवताना कुणाचे चेहरे दाखवले, हा प्रश्न तिथंही राहतोच.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर अशाच अडचणींवरून दोन तट पडले. विषय लाडकी बहीणच्या ई-केवायसीचा होता. २०२५मध्ये त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, आणि दोघंही हयात नसलेल्या बायका अडकल्या. नंतर त्यांच्यासाठी कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडं द्यायची सोय झाली. एक तट म्हणतो, बायकांना डिजिटल साक्षर करा. दुसरा म्हणतो, सरकारी पोर्टल असंच असणार. मग मला टोमणा: “तुमच्याकडं नसेल बे असलं काही!”

आहे की. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तमध्ये मी ॲपचे पडदे आखून पोट भरतो. इथल्या फॉर्मवर डच आडनावाआधी येणाऱ्या ‘फान देर’साठी वेगळा रकाना असतो, कारण फॉर्म करणाऱ्याच्या घरात ते नाव असतं. वडिलांच्या नावाला रकाना नाही. मला कधीकधी वडिलांच्या नावानं पत्रं येतात. हसण्यावारी नेतो. नवरा-वडिलांचा रकाना करणाऱ्यानंही दुष्टपणा केला असेल असं मला वाटत नाही. त्यानं आपल्या डोळ्यासमोरचं घर काढलं.

पण इथलंच दुसरं प्रकरण हसण्यावारी नेता येत नाही. पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक शोधायला कर खात्यानं जी प्रणाली वापरली, तिच्यात डच नागरिकत्व नसणं हीच संशयाची एक खूण होती. एखादी सही राहिली म्हणून लोकांना हजारो युरो परत करायला लावले. घरं मोडली. जानेवारी २०२१मध्ये त्यापायी सरकारनं राजीनामा दिला. रस्ते गुळगुळीत, पोर्टल देखणं, आणि तरी हे.

म्हणून ‘तिकडं सुधारलेलं, इकडं मागास’ हा वाद मला फुकटचा वाटतो. मला पडद्यावरच्या त्या ‘नाही’नंतर काय, एवढंच बघायचं असतं. इथं वाचनालयात सरकारी डिजिटल कामासाठी मदतीचं टेबल असतं, फुकट. आमच्या केंद्रातला पोरगा पैसे घेतो खरा, पण तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा चारी भाषांत समजावतो. (कुठल्याही ॲपपेक्षा भारी काम आहे ते!) त्याच्या हातात नाही ते एवढंच, की अव्वा समोर बसलीय, ती अव्वाच आहे, असं लिहून द्यायचा अधिकार.

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षी मी एका ॲपमधून ‘फोन करा’चं बटण काढलं, कारण ते फार थोडे लोक दाबायचे. ते थोडे कोण, हे मी पाहिलंच नव्हतं. बाकी सगळं करून थकलेले लोक होते ते. विड्या वळणाऱ्यांच्या बोळात वाढलो, पण आकडे बघताना अव्वा आठवली नाही.

परतल्यावर बटण पुन्हा आणायचा विषय मीटिंगमध्ये काढला. “किती टक्के लोक?” साहेबांनी विचारलं. मी अव्वाचं बोट सांगायला लागलो, तर विडी म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली. त्यातच अर्धा तास संपला. बटणाचं पुढच्या मंगळवारी ठरेल.