दोन स्टारच्या रिव्ह्यूला जिममालकाचं उत्तर

नमस्कार सर,

स्टार दोनच दिलेत, पण कारणं नीट लिहिलीत, म्हणून उत्तरही नीट देतो. तुमची तक्रार अशी की पूर्ण फी घेऊन आठवड्यातून दोनच दिवस बोलावतात, अर्ध्या तासात घरी पाठवतात, ट्रेनरने वजन वाढवायचं सोडून उलट कमी केलं, आणि दोन महिन्यांत काट्यावर जेमतेम किलोभर फरक पडला.

वजन कमी केलं त्याचं आधी सांगतो. लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, तुम्ही झटक्याने ढकलत होता आणि परत येताना सोडून देत होता. प्लेटा खट्कन आपटत होत्या. त्यात मांडीला काम कमी आणि गुडघ्याला धक्का जास्त. म्हणून पिन दोन प्लेटा वर लावली, म्हणजे तेवढं वजन कमी केलं. मग चार सेकंद जाताना, चार सेकंद येताना, मध्ये विसावा नाही. सातव्या रेपला (एकदा ढकलून परत आणलं की एक रेप) तुमच्या मांड्या लटलटायला लागल्या आणि आठवा अर्ध्यात अडकला. त्या अडकलेल्या रेपचेच आम्ही पैसे घेतो! मध्यम वजनावर स्नायूंतले मोठे, ताकदीचे तंतू शरीर अगदी शेवटी, नाइलाज झाला की कामाला लावतं. असे सहा व्यायाम मनापासून झाले की अर्ध्या तासानंतर कुणाच्यात फारसं काही उरत नाही. ज्याच्यात उरतं, त्याने सेट, म्हणजे सलग रेपांची फेरी, लवकर सोडलेला असतो.

आता दोन दिवसांचं. आपण कोल्हापूरची माणसं, तालमीतल्या शेकडो जोर-बैठका बघत वाढलो, त्यामुळे हे पोरखेळ वाटणं साहजिक आहे. पण पैलवानाला दुपारची झोप असते, खुराक असतो, त्यावर त्याचं शरीर भरून येतं. तुम्ही नऊ तास खुर्चीत बसून इथे येता. जास्त सेट केले तर स्नायू थोडे जास्त वाढतात, हे मी नाकारत नाही. तेवढा वेळ आणि झोप असेल तर जरूर करा, त्यासाठी गावात चांगल्या जिम आहेत.

काट्याबद्दल मात्र मी तुमच्याच रिव्ह्यूचा आधार घेतो. ‘पट्टा दोन भोकं आत गेला, पण वजन तेवढंच,’ असं तुम्ही लिहिलंय. सर, मग पोटावरचं गेलं कुठे? नव्याने व्यायाम करणाऱ्याची चरबी उतरते आणि त्याच वेळी स्नायू भरतात. काटा दोन्हींची बेरीज दाखवतो. बाकीची मापं तुमच्या कार्डावर आहेत, ती इथे चारचौघांत लिहीत नाही.

‘स्नायू वाढले की झोपेतसुद्धा चरबी जळते’ हे बाहेर फार विकलं जातं. किलोभर स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण १३ कॅलरी खातो. एक बिस्किटसुद्धा धड होत नाही. चरबी ताटातूनच उतरते. ८० किलोच्या माणसाने व्यायाम करताना रोज १२० ते १३० ग्रॅम प्रोटीन घ्यावं. एका अंड्यात ६ ग्रॅम, म्हणजे नुसत्या आमटी-भातावर भागणार नाही. आम्ही काउंटरवर प्रोटीन पावडरचे डबे विकत नाही, त्यामुळे हे सांगण्यात माझा धंदा नाही.

तुम्ही २८ दिवसांत २८ किलो स्नायू वाढल्याचं उदाहरण दिलंत. ते १९७३ चं, अमेरिकेतल्या कोलोरॅडोचं. आर्थर जोन्स यांनी केसी व्हिएटरवर केलेला प्रयोग. हा गडी शरीरसौष्ठवातला १९७१ चा मिस्टर अमेरिका; अपघात आणि आजारपणात त्याचं शरीर उतरलं होतं, ते बरंचसं परत आलं. शिवाय जोन्स यांची स्वतःची व्यायामाच्या मशीनची कंपनी होती. आमच्या भिंतीवर त्या प्रयोगाचं पोस्टर नाही, आणि तसा शब्द आम्ही तुम्हाला कधी दिला नव्हता.

झालेल्या सेशनची फी परत मिळणार नाही. ते प्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलेलं आहे. उरलेल्या महिन्याची हवी असेल तर पावती घेऊन सकाळी दहाच्या आत या, तिथल्या तिथे देतो. आणि पुढे चालू ठेवायचं असेल तर येताना आठवडाभर काय काय खाल्लं ते लिहून आणा. रविवारचा तांबडा-पांढरा आणि त्यासोबतच्या भाकऱ्यासुद्धा, मोजून.