बेडरूममधली सुरमई

आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन फ्रिज आहेत. मोठा स्वयंपाकघरात, तो आईचा. त्यात अंडंसुद्धा चालत नाही. दुसरा पन्नास लिटरचा, गुडघ्याएवढा, बायकोने स्वतःच्या पगारातून आणलेला. बायको मालवणची. त्यात सुरमई, सोललेली कोळंबी, सोलकढी वगैरे असते आणि तो असतो आमच्या बेडरूममध्ये. मासे घरात यायला आईची हरकत नाही, स्वयंपाकघरात यायला आहे. (मग शिजतात कुठे? बाल्कनीत, इंडक्शनवर. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

दिवसा हा फ्रिज सज्जन असतो. रात्री दिवा घालवला की त्याला कंठ फुटतो. आधी टक्, मग घूंऽऽ. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे त्याची मोटर सेकंदाला शंभरदा थरथरते. हे इंजिनिअरिंगच्या वर्गात शिकवलं होतं, तेव्हा मी गाढ झोपलो होतो. घूंची एकवेळ सवय होते. पण पोटभर गार झाला की तो गदगदून बंद पडतो, आणि आता परत कधी सुरू होतोय याची वाट बघत मी टक्क जागा. बायको कूस बदलता बदलता म्हणते, "तुका झोप येणा नाय, तर फ्रिजाचो काय दोष?"

बिनआवाजी फ्रिज जगात आहेत. १९२२ साली स्वीडनमधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी कॉम्प्रेसरशिवाय, अमोनिया तापवून चालणारा फ्रिज शोधला. हॉटेलच्या खोल्यांत तो अजून दिसतो. पण डोंबिवलीच्या मे महिन्यात त्यात सुरमई गोठायची नाही. फार तर तिला जरा बरं वाटेल. कायद्याकडे जावं, तर रहिवासी भागात रात्री १० ते ६ मर्यादा ४५ डेसिबलची, आणि असले फ्रिज कागदोपत्री चाळिशीच्या आसपास. म्हणजे कायदाही माशाच्या बाजूने.

प्रकरण चिघळलं ते देवांमुळे. फ्रिज ज्या भिंतीला टेकला होता तिच्या पलीकडे, हॉलमध्ये, देव्हारा. आई तिथेच झोपते. एका रात्री दोनला तिने दार ठोठावलं. "अरे, या वेळी आचमन कोण करतंय?"

पंचपात्रातली पळी किणकिणत होती. थांबायची, पुन्हा वाजायची. शेजारच्या काकूंना आईने साक्षात्काराच्या दिशेने बरंच काही सांगूनही टाकलं होतं. खरं कारण सुरमई आहे हे कळल्यावर तिने माझ्याशी अबोला धरला. सुनेशी मात्र बोलत होती.

रविवारी फ्रिज ओढून भिंतीपासून वीतभर पुढे घेतला. निम्मा आवाज तिथेच गेला. खरी बोंब भिंतच मारत होती. मागच्या दोन नळ्या एकमेकींवर वाजत होत्या, त्या बोटाने जरा दूर केल्या. हलक्या हाताने, कारण आतला वायू पेट घेणारा आहे असं मागच्या स्टिकरवर आगीच्या चित्रासकट लिहिलंय. पुढचे पाय पिळून डुगडुग घालवली, खाली जाड रबर सारलं, सोलकढीच्या बाटल्यांच्या मधल्या फटीत फडकं कोंबलं. शेजारचे काका म्हणाले, गोधडी गुंडाळा. त्यांना चहा दिला, पण ऐकलं नाही. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो. गुंडाळला तर बिचारा रात्रभर थांबणारच नाही.

पळी गप्प झाली. आईचा मात्र त्या भिंतीवरचा विश्वास उडाला होता. "ते तुमचं काय ते माझ्या फ्रीझरमध्ये टाका," ती म्हणाली, "तळाला, डब्यात, झाकण लावून. मला दाखवू नका. आणि ते धूड बंद करा."

तिचं मन बदलायच्या आत बायकोने सगळे डबे हलवले. मी बटण बंद केलं आणि दुपारी ताणून दिली.

संध्याकाळी आईच्या लक्षात आलं, की आता नैवेद्याचं दूध आणि लोणी त्या फ्रिजमध्ये ठेवायचं कसं? तिने छोटा फ्रिज खाण्याच्या सोड्याने तीनदा पुसून घेतला, गंगाजल शिंपडलं आणि स्वतःच्या हाताने चालू केला. घूंऽऽ तर आहेच. वर पहाटे साडेपाचला दार वाजतं.

"झोपलायस का रे? दूध घ्यायचंय."