वॉचमन मस्टरवर होता, गेटवर नव्हता: कर्वेनगरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका (खाली 'एक त्रस्त बाप, कर्वेनगर' एवढीच सही आहे, म्हणून काका म्हणतोय, वयाने लहान निघालात तर सोडून द्या),

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आयओएमएमयूवरचा (कुठलं उपकरण मेमरीत कुठपर्यंत जाईल हे ठरवणाऱ्या संरक्षणावरचा) माझा लेख वाचून काकांच्या चिरंजीवांनी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं आणि ते सेटिंग चालू केलं. मशीन पुन्हा सुरू होताना निळा पडदा आला आणि ४८ आकडी की मागू लागला. ती सापडेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. एवढं करून व्हॅलोरंट या खेळाचा एफपीएस (सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात तो आकडा) आधीपेक्षा कमी. काका लिहितात: "एका खेळासाठी मशीनच्या मुळाशी हात घालायला सांगणारे तुम्ही कोण? हे संरक्षण आमचं नाही, गेम कंपनीचं आहे, आणि भुर्दंड आम्हाला."

कीचं आधी बोलतो, कारण तिथे चूक सरळसरळ माझी आहे. 'दोन मिनिटांचं काम' असं मी लिहिलं आणि बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाचा, उल्लेखही केला नाही. मशीन सुरू होतानाच्या फर्मवेअरची मोजमापं टीपीएम ही सुरक्षेची चिप टिपून ठेवते. बायोस बदललं की मोजमापं जुळत नाहीत आणि ती डिस्कची किल्ली द्यायला नकार देते. म्हणजे तिने तिचं काम चोख केलं, मी माझं केलं नाही. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं असेल तर डिस्क अनेकदा न विचारताच एन्क्रिप्ट होते आणि की त्या खात्यात जाऊन बसते. घरात कोणालाच पत्ता नसतो. बायोसला हात लावण्याआधी ती की खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा, हे वाक्य आता मूळ लेखात सगळ्यात वर टाकलं आहे. तुमची रात्र काही परत येत नाही, पण पुढच्याची वाचेल.

एफपीएसचा आरोप मात्र चुकीच्या माणसावर आहे. माझा संशय एक्सएमपीवर, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणाऱ्या बायोसमधल्या सेटिंगवर आहे. बायोस अपडेट झालं की बहुतेक बोर्डांवर सगळी सेटिंग्ज कारखान्यातून आली तशी होतात. मशीन असेंबल करणाऱ्याने रॅमसाठी लावलेलं एक्सएमपी प्रोफाइल उडतं आणि ३२०० ची डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालायला लागते. व्हॅलोरंटसारखा प्रोसेसरवर भार टाकणारा खेळ हे लगेच दाखवतो. दुसरा संशयित 'मेमरी इंटिग्रिटी'. विंडोजच्या सिक्युरिटीत 'कोअर आयसोलेशन'खाली ते बटण असतं. नावावरून आयओएमएमयूचा भाऊ वाटतो, पण ते वेगळं प्रकरण. त्याने काही मशीनवर खेळ मंदावतो हे मायक्रोसॉफ्टने स्वतः २०२२ मध्ये मान्य केलं आहे. चिरंजीवांनी उत्साहात तेही चालू केलंय का, विचारा. (उत्साहाबद्दल त्यांना ओरडू नका, माझ्यामुळेच आलाय.)

आता खरा वाद: संरक्षण कोणाचं?

ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, नेटवर्क कार्ड ही मंडळी प्रोसेसरला दर वेळी न विचारता थेट रॅममधून वाचतात आणि तिथे लिहितात. याला डीएमए म्हणतात. वेगासाठी ते लागतंच. पण याच रस्त्याने चोरही शिरतो. बाजारात छोटी कार्डं मिळतात, मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारी. विंडोजला ती साधं नेटवर्क कार्ड असल्याची थाप मारतात, खेळाची मेमरी वाचतात आणि केबलने शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवतात. भिंतीमागे कोण उभा आहे ते त्या दुसऱ्या पडद्यावर दिसतं. खेळ चालू आहे त्या मशीनवर चीटचा, म्हणजे खेळात लबाडी करणारा, एकही प्रोग्राम नसतो, मग सॉफ्टवेअर पकडणार काय?

आयओएमएमयू म्हणजे इथला वॉचमन. इंटेलच्या बायोसमध्ये तो व्हीटी-डी नावाने सापडतो, एएमडीच्या बायोसमध्ये आयओएमएमयू याच नावाने. कुठल्या उपकरणाला मेमरीच्या कोणत्या खोलीपर्यंत जाऊ द्यायचं, याचं रजिस्टर तो ठेवतो. कुरिअरवाल्याने लॉबीपर्यंत यावं, तिसऱ्या मजल्यावर हिंडू नये, इतकंच.

आणि हा वॉचमन गेमवाल्यांनी नेमलेला नाही. व्हॅलोरंट आला जून २०२० मध्ये. थंडरबोल्ट पोर्टला (बाहेरची उपकरणं जोडायच्या वेगवान पोर्टला) काहीतरी जोडून कुणी मेमरी वाचू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये कर्नल डीएमए प्रोटेक्शन आणलं २०१८ मध्ये. तेव्हा चिंता लॅपटॉपमधल्या पासवर्डची आणि डिस्कच्या किल्ल्यांची होती. तुमच्या घरातल्या, थंडरबोल्ट नसलेल्या डेस्कटॉपला त्याचा फायदा थोडाच, हेही कबूल करतो. पण थोडा आहे म्हणून तो कंपनीचा होत नाही.

"नुसतं सेटिंग चालू करता आलं असतं की, मग बायोस अपडेट कशाला?" असंही तुम्ही विचारलंय. हा तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात चांगला प्रश्न. डिसेंबर २०२५ मध्ये व्हॅलोरंटवाल्या रायट गेम्सने जाहीर केलं की आसुस, गिगाबाइट, एमएसआय आणि ॲसरॉकच्या काही मदरबोर्डांवर बायोस संरक्षण चालू दाखवतं, पण मशीन सुरू होण्याच्या पहिल्या क्षणांत आयओएमएमयू नीट जागाच झालेला नसतो. मस्टरवर सही आहे आणि वॉचमन टपरीवर चहा पितोय! विंडोज उठेपर्यंतच्या त्या फटीत चीटचं कार्ड आत येऊन बसतं. चारही कंपन्यांनी दुरुस्त बायोस काढलं. म्हणून आधी अपडेट, मग सेटिंग, हा क्रम.

तुमचा एक राग मात्र मला पटतो. व्हॅनगार्ड, म्हणजे रायटचं चीट पकडणारं सॉफ्टवेअर, मशीन सुरू होतानाच, थेट कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) चालू होतं, आणि एका खेळाला एवढी सत्ता द्यावी का, हा प्रश्न रास्त आहे. मी माझ्या कामाच्या लॅपटॉपवर तो खेळ टाकलेला नाही, टाकणारही नाही. पण तो राग व्हॅनगार्डवर काढा. खेळ उडवलात तरी आयओएमएमयू चालू राहू द्या, तो रायटला काही कळवत नाही.

आता करायचं एवढंच. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे स्पीडचा आकडा बघा. कमी दिसला तर बायोसमध्ये एक्सएमपी पुन्हा लावा. सेटिंग बदलायला फार तर रीस्टार्ट लागतो. पुन्हा कधी बायोस अपडेट करायची वेळ आली तर मात्र गुरुवार टाळा. महावितरण आपल्याकडे पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट घालवतं आणि अपडेट अर्ध्यात तुटलं तर बोर्ड निकामी होऊ शकतो. घरच्या इन्व्हर्टरवरही विसंबू नका, लाइट जाताना तो निमिषभर अडखळतो आणि तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडू शकतो. यूपीएस असेल तरच हात लावा.

आकडा किती येतो ते इथेच खाली लिहा. एक्सएमपी लावूनही कमीच राहिला, तर रॅमवरच्या स्टिकरवर काय छापलंय तेही चिरंजीवांना वाचायला सांगा.