टॉवर इलो आणि आंबो गेलो? आधी मोहर झटकून बघा

गेले पंधरा दिवस देवगड-राजापूर पट्ट्यातल्या ज्या ज्या ग्रुपवर मी आहे, तिथे एकच मजकूर फिरतोय. वर लाल अक्षरांत ‘टॉवर इलो आणि आंबो गेलो’, खाली काळ्या पडलेल्या मोहराचा फोटो आणि मग एकामागून एक दावे. 5जी आल्यापासून हापूस बिघडला. टॉवरच्या लहरींनी मोहर करपतो आणि कणी, म्हणजे नुकती धरलेली बारीक फळं, गळते. मधमाश्या मेल्या म्हणून फळ धरत नाही, आणि हे सरकारच्याच अहवालात आहे: 919 पैकी 593 अभ्यासांत लहरींचा परिणाम दिसला. हॉलंडमध्ये 5जीने शेकडो पक्षी पटापट मेले. जगदीशचंद्र बोस हे शंभर वर्षांपूर्वीच सांगून गेले होते. नारळ बारीक झाले तेही त्यामुळेच. सगळ्यात शेवटी झाडाला गुंडाळायच्या तांब्याच्या वेटोळ्याची जाहिरात आणि मोबाइल नंबर.

मला हा मजकूर सात जणांनी पाठवला. आठवे आमच्या शेजारच्या बागेतले आबा. त्यांनी पाठवला नाही, फोन हातात घेऊन थेट गडग्याशी, बागेच्या दगडी कुंपणाशी आले. ‘‘तू कॉम्प्युटरातलो मा? मगे सांग, ह्या खरा काय खोटा?’’

आधीच सांगून टाकतो. मी पोटापाण्यासाठी नेटवर्कचं काम करतो आणि घरची थोडी कलमं आहेत. टॉवरवाल्यांचं मी काही देणं लागत नाही. उलट घरात रेंज येत नाही म्हणून मीटिंगसाठी भर उन्हात सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळमाळावर, जाऊन उभा राहणाऱ्यांपैकी मी एक. लाइट गेली की थोड्या वेळात टॉवरही मान टाकतो. असल्या टॉवरने मोहर जाळला म्हणायचं, तर निदान तो चालू कधी होता ते तरी बघायला हवं.

तारखांपासून सुरुवात करतो. भारतात 5जी सुरू झालं 1 ऑक्टोबर 2022 ला, तेही मोठ्या शहरांत. आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावरचा टॉवर त्याच्या कितीतरी आधीचा, आणि माझ्या फोनवर तिथे आजही 4जीच दिसतं. म्हणजे ज्या टॉवरखालचा आंबा गेला म्हणून बोंब आहे, त्यावर आरोपी हजरच नाही. बरं, 5जीच्या लहरी काही आभाळातून नव्याने पडलेल्या नाहीत. त्यातला 700 मेगाहर्ट्झचा पट्टा जगभर वर्षानुवर्षं टीव्हीच्या प्रक्षेपणाला वापरला जात होता.

आणि आंबा काय 2022 नंतरच जायला लागला? आबांनाच विचारलं. फयान चक्रीवादळ आलं ते 11 नोव्हेंबर 2009 ला, मोहराच्या तोंडावर. तौक्ते 2021 च्या मे महिन्यात, पेट्या भरायच्या ऐन दिवसांत आलं आणि झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडला. त्याही मागे गेलं तर हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि दुसऱ्या वर्षी विश्रांती घेतो, हे आबांच्या आजोबांनाही ठाऊक होतं. तेव्हा सड्यावर टॉवर नव्हता, वीजसुद्धा नव्हती.

आता मुख्य आरोप, करपण्याचा. रेडिओलहरी जोरदार असल्या तर वस्तू तापवतात, हे खरं. मायक्रोवेव्ह ओव्हन त्यावरच चालतो. पण किती जोरदार? 5जीच्या साडेतीन गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वसामान्य माणसासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे दर चौरस मीटरला 10 वॅट. दुपारी बारा वाजता कातळावरच्या कलमावर जे ऊन पडतं ते साधारण 1000 वॅट. ते ऊन रोज सोसणारा मोहर त्याच्या शंभराव्या हिश्शाने जळेल कसा? लहरींनी झाडाच्या पेशी ‘फुटतात’ असंही मजकुरात आहे. साडेतीन गिगाहर्ट्झच्या लहरीच्या एका कणात जेवढी ऊर्जा असते, त्याच्या सुमारे दीड लाख पट ऊर्जा हिरव्या प्रकाशाच्या एका कणात असते. पेशी फोडायच्याच असत्या तर साध्या दिव्याच्या उजेडाने त्या केव्हाच फुटल्या असत्या.

मग फोटोतला मोहर काळा कशाने झाला? तो फोटो मोठा करून पाहिला की देठ चकाकताना दिसतात. तो चिकटा आहे. तुडतुडे मोहराचा रस पितात, गोड चिकट स्राव टाकतात आणि त्यावर काळी बुरशी चढते. लांबून बघणाऱ्याला जळल्यासारखंच वाटतं. त्यात मळभ आलं, हवा दमट झाली की भुरी आणि करपा हे बुरशीचे रोग आहेतच. करप्याचं नावच करपा, त्यामुळे ‘करपला’ म्हणणारा खोटं बोलत नाही. फक्त बोट भलत्याच्या दिशेने दाखवतो.

आबांना हे पटलं नाही. त्यांचा मोहर काळा नव्हता, तांबूस सुकत होता आणि वाटाण्याएवढी फळं गळत होती. म्हणून आम्ही त्यांच्या बागेत गेलो, टॉवरच्या सगळ्यात जवळच्या कलमापाशी. फुलकिडे बघायला खरं तर पांढरा कागद घेतात, पण खिशात कागद नव्हता. मी आबांचाच फोन घेतला, स्क्रीन बंद केली, काळी काच मोहराखाली आडवी धरली आणि मोहर दोन बोटांनी टकटक झटकला. काचेवर आधी नुसता फुलांचा भुगा दिसला. मग त्या भुग्यातले काही कण चालायला लागले. पिवळसर, सुईच्या टोकाएवढे, काचेच्या कडेकडे धावणारे. आबांनी चष्मा कपाळावर सरकवून काच नाकाशी नेली. ‘‘अरे, हे तर चलतत!’’ ज्या काचेवर तासाभरापूर्वी टॉवरविरुद्धचा मजकूर होता, तिच्यावर आता थ्रिप्स, म्हणजेच फुलकिडे, फिरत होते.

मग त्याच झाडाच्या टॉवरपासून लांबच्या, खाडीकडच्या बाजूचा मोहर झटकला. तिकडेही तेच. दोन मोहर झटकून शास्त्र होत नाही, हे मान्य. पण मजकूर लिहिणाऱ्याने एकही झटकलेला नाही, हेही तितकंच उघड आहे.

कणी गळण्याची गोष्ट मात्र फुलकिड्यांवर संपत नाही. हापूसच्या एका मोहरात शेकड्यांनी फुलं येतात, त्यातली बहुतेक नर. फळ धरणारी द्विलिंगी फुलं मुळातच थोडी. सगळं जुळून आलं तरी एका मोहरावर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच फळं टिकतात. म्हणजे गळणं हा या झाडाचा नेहमीचाच धर्म. त्यात जानेवारी-फेब्रुवारीत थंडी लांबली की पुनर्मोहर येतो. ज्या फांदीवर कणी धरलेली असते तिथूनच नवा मोहर फुटतो, अन्नरस तिकडे वळतो आणि आधीची कणी उपाशी राहून गळते. बागायतदार गुलाबी थंडीची वाट बघतो आणि तीच थंडी मुक्काम वाढवून बसली की त्याच्या पोटात गोळा येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यावर जिबरेलिक ॲसिड या संजीवकाची फवारणी सुचवली आहे, तीही कधी आणि किती ते सांगून. उलट ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस रेंगाळला तर जमिनीला ताण बसत नाही, मोहराऐवजी पालवी फुटते आणि सगळा हंगाम मागे पडतो. पाऊस आणि थंडी आता पूर्वीच्या वेळापत्रकाने येत नाहीत. हा प्रश्न मोठा आहे आणि माणसाच्याच करणीचा आहे, पण त्याला तांब्याचं वेटोळं विकता येत नाही.

‘टॉवरजवळचीच झाडं बिघडतात’ हेसुद्धा खोटं नाही म्हणता येणार. मीही पाहिलंय. पण टॉवर उभारतात कुठे? उंच, उघड्या सड्यावर. तिथे कातळावर वीतभर माती, पाणी टिकत नाही, वारा अंगावर. त्या जागेवरचं कलम टॉवर नसतानाही परसातल्या कलमाइतकं देत नव्हतं. आमच्या सड्यावर टॉवरच्या तारेच्या कुंपणाला टेकून एक रायवळ, म्हणजे कलम न केलेला गावठी आंबा आहे. कोणी पाणी घालत नाही, कोणी फवारत नाही, आणि पोरं दगड मारून दमतील इतका आंबा धरतो. त्याचा फोटो कोणी फिरवत नाही.

मधमाश्यांचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. 919 पैकी 593 अभ्यासांत परिणाम दिसला, हा आकडा खरा आहे. मोबाइल टॉवर आणि वन्यजीव या विषयावर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने 2010 मध्ये नेमलेल्या समितीचा तो आकडा. पण समितीने उपलब्ध अभ्यास गोळा करून मोजले होते. त्यात माणसांवरचे अभ्यास होते, प्रयोगशाळेतले होते, चांगले होते आणि यथातथाही होते. कोकणातल्या आंब्यावर केलेली ती पाहणी नव्हे. पुढचं मजकुरात येत नाही: सप्टेंबर 2012 पासून सरकारने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. मधमाश्यांवरचे जे गाजलेले प्रयोग आहेत, चंदीगडचा 2010 चा आणि स्वित्झर्लंडमधला 2011 चा, त्यांत चालू मोबाइल थेट पोळ्याच्या पेटीत ठेवले होते. पेटीत फोन ठेवणं आणि टॉवर सड्यावर असणं यात फरक आहे. कीटकांवर या लहरींचा काय परिणाम होतो याचा आणखी अभ्यास व्हावा, याला माझा पाठिंबाच आहे.

पण सातेरी आणि फुलोरी या मधमाश्या बागेतून कमी झाल्या, याचं उत्तर शोधायला सड्यावर चढायची गरज नाही. पंपाच्या खोलीत जा आणि कीटकनाशकांच्या बाटल्या बघा. डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम. ऐन फुलोऱ्यात फवारू नका, परागीकरण करणारे कीटक मरतात, असं विद्यापीठ सांगतं. आणि आपण? शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारतो. दुकानदार म्हणाला म्हणून दोन औषधं एकत्र करतो. कराराने घेतलेल्या बागेत तर विचारूच नका. झाड दुसऱ्याचं, पीक आपलं, मग मोहर यावा म्हणून मुळाशी घालायचं कल्टार मापात कोण घालतो? मीही एका वर्षी घाबरून भर फुलोऱ्यात फवारलं होतं. दुसऱ्या दिवशी झाडाखाली पडलेल्या माश्या मीच झाडूने गोळा केल्या. आंब्याचं परागीकरण बरंचसं मधमाश्या नसलेल्या साध्या, घाणीवर बसणाऱ्या माश्याही करतात, म्हणून जुने लोक मोहराच्या दिवसांत बागेत मासळीची घाण टाकायचे. त्याला आपण आता नाक मुरडतो.

हॉलंडचं एका वाक्यात आटपतं. हेगमधल्या बागेत साळुंकीच्या जातीचे पक्षी मेले ते 2018 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि त्या शहरातली 5जीची चाचणी झाली होती जूनमध्ये, एका दिवसापुरती.

नारळाचंही तसंच. बारीक राहिलेला नारळ हातात घ्या आणि देठाखालच्या पाकळ्या उचला. तिथून सुरू झालेले तपकिरी, भेगाळलेले पट्टे दिसले तर तो इरिओफाइड कोळी. 1998 मध्ये तो केरळात आढळला आणि मग किनाऱ्याने पसरला. त्याला सिग्नल लागत नाही.

राहिले बोस. त्यांचं नाव या मजकुरात वाचून मला खरंच राग आला. कारण 1890 च्या दशकात कलकत्त्यात बसून 5 मिलिमीटर इतक्या छोट्या लहरी निर्माण करणारा आणि पकडणारा हाच माणूस. आज 5जीच्या सगळ्यात वरच्या पट्ट्याबद्दल जे कौतुकाने बोललं जातं, त्या घराण्यातल्या लहरी. पुढे त्यांनी झाडांवर काम केलं, झाडाची डोळ्यांना न दिसणारी वाढ मोजणारा क्रेस्कोग्राफ बनवला, बिनतारी लहरींना झाड कसा प्रतिसाद देतं तेही तपासलं. तपासलं, म्हणजे उपकरण लावून, आकडे घेऊन, पुन्हा पुन्हा. टॉवरने आंबा जाईल असं ते म्हणाले नव्हते, आणि न मोजता काही म्हणण्याची त्यांना सवयही नव्हती.

हे सगळं मी आबांना गडग्यावर बसून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग जरा खाकरले आणि म्हणाले, दोन वेटोळी आधीच मागवली आहेत, परवा पोस्टाने आली. पैसे गेलेलेच आहेत, तेव्हा आम्ही असं ठरवलं: टॉवरकडच्या दोन सारख्या कलमांपैकी एकाला वेटोळं, दुसऱ्याला काही नाही. खाडीकडच्या जोडीलाही तसंच. फवारणी चौघांना एकच. दर रविवारी प्रत्येकाचे चार मोहर काचेवर झटकायचे आणि किडे मोजून वहीत लिहायचे. मोजणार आबांची नात, आणि कुठल्या झाडाला वेटोळं आहे ते तिला दिसू नये म्हणून चारही खोडांना गोणपाट गुंडाळलंय.

पहिला रविवार झाला. गोणपाट बांधताना वेटोळ्यावरून लाल मुंग्यांची रांग वर मोहराकडे चालली होती.