तीन शिट्ट्या, सात शिट्ट्या

हापिसातला कॉम्प्युटर सुरक्षित करायचाय ना? आधी पाटी रंगवून घ्या: 'येथील माहिती बाहेर नेऊ नये. अपमान केला जाईल.' सदाशिव पेठेत एवढ्यावर भागतं. तरी जिवाला घोर लागला असेल तर नेटची वायर उपटा, पेन ड्राइव्हच्या भोकात एम-सील भरा आणि खोलीला कुलूप घाला. किल्ली अर्थातच दारातल्या कुंडीखाली. कुणाला कळतंय?

आता दुपारी एक ते चार निवांत झोपा. तुमच्याकडे पाहुणे आल्याचं भिंतीपलीकडच्या काकूंना कसं कळतं, याचा अजिबात विचार करू नका. त्यांनी ना दाराला कान लावला, ना मोलकरणीला काही विचारलं. एरवी कुकरच्या तीन शिट्ट्या होतात, आज सात झाल्या.

काकूंची हीच विद्या बटलर लॅम्पसन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९७३ साली कागदावर मांडली. दोन प्रोग्रॅमना आपसात बोलायला बंदी घातली, पण दोघं नांदतात एकाच मशीनवर. मग एक जण फाइल अडवतो नि सोडतो, दुसरा ती मोकळी आहे का ते बघत बसतो. अडलेली म्हणजे एक, मोकळी म्हणजे शून्य. झालं बोलणं सुरू! भाड्याने घेतलेला प्रोग्रॅम आपल्या मालकाकडे वापराचं बिल पाठवतो, त्या बिलातही निरोप दडवता येईल, हेही लॅम्पसनने तेव्हाच लिहून ठेवलं. तुम्ही वाण्याचं बिल तरी कधी नीट वाचता? मग हेही नका वाचू.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ऐंशीच्या दशकात 'ऑरेंज बुक' नावाची नियमावली काढली. अशा चोरवाटेने सेकंदाला शंभर बिटांहून (बिट म्हणजे वरच्यासारखा एकेक शून्य नाहीतर एक) जास्त गळत असेल तर ते फार. एका बिटाहून कमी गळत असेल तर बहुतेक ठिकाणी चालवून घ्यावं. नळाला फडकं बांधून वर्ष काढणाऱ्या आपल्यासारख्यांना हा हिशोब लगेच पटेल. सेकंदाला एक बिट नि अक्षराला आठ बिट धरले तर बारा अक्षरांचा पासवर्ड बाहेर पडायला ९६ सेकंद लागतात. अमृततुल्यात 'एक कटिंग' म्हणून चहा हातात येईपर्यंतचा वेळ. तेव्हा गळू द्या.

इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांचा मात्र नाद सोडा. त्यांनी नेटच नसलेल्या मशीनच्या पंख्याचा वेग कमी-जास्त करून त्याच्या आवाजातून शेजारच्या मोबाइलला माहिती ऐकवून दाखवली. हार्ड डिस्कच्या लुकलुकत्या दिव्यातूनही तेच केलं. त्यासाठी आधी मशीनमध्ये कुणीतरी घुसलेलं असावं लागतं, हे खरं. पण कुंडी आहेच की.

घुसणारा तोंडाला फडकं बांधून येतो, असंही समजू नका. २०२४ च्या मार्चमध्ये 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या फुकटच्या साधनात चोरदरवाजा सापडला. तो बसवणारा दोनेक वर्षं इमानेइतबारे पडेल ते काम करत होता. थकलेल्या मूळ माणसाने विश्वासाने त्याला कारभारात घेतलं होतं. (आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी याच मार्गाने आले, पण तो विषय वेगळा.) आणि चोरदरवाजा पकडला कसा गेला? लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला खटकलं. अर्धा सेकंद! आमच्या हिंजवडीच्या हापिसात पडद्यावरचं चक्र पाच मिनिटं फिरलं तर आम्ही 'सर्व्हर स्लो आहे' म्हणतो नि खाली वडापाव खायला जातो. तुम्हीही तेच करा. असलं काही खटकून घेतलं की कामं वाढतात.

फारच भीती वाटली तर शिट्टी काढून ठेवा, म्हणजे काकू जिन्यात विचारतील, "काय हो, गावाला गेला होतात का?" शिट्टी न होणं हीसुद्धा बातमीच. त्यावर इलाज आहे. गुप्त किल्लीने (कुंडीखालची नव्हे, सांकेतिक मजकूर उलगडणारा लांबलचक आकडा) गणित करायला मशीन किती वेळ घेतं, तेवढ्यावरून किल्ली ओळखता येते, हे पॉल कोचर या अमेरिकी तज्ज्ञाने १९९६ मध्ये दाखवलं. तेव्हापासून शहाणे लोक प्रोग्रॅमच असा लिहितात, की किल्ली कोणतीही असो, वेळ तेवढाच लागावा. तुम्हीही पाहुणे असोत-नसोत, रोज सात शिट्ट्या करा. गॅस जरा लवकर संपेल, एवढंच.

मग काकू सिलिंडर मोजतील.