पासपोर्ट कायले देतो रे?

थंडी पडली की आमचा जळगावचा कट्टा रात्री साडेनऊला भरतो आणि अकराच्या आत कोणी उठत नाही. त्या दिवशी रविवारच्या भरीत पार्टीचं ठरवायचं होतं. बामणोदची वांगी किती किलो, पऱ्हाट्या कोणाच्या शेतातून आणायच्या, कळण्याच्या पुऱ्या कोणाच्या घरून. एवढं झालं की घरी. पण वैभवनं मोबाइल काढून विमानाचं तिकीट दाखवलं आणि वांगी राहिली बाजूला.

पंधरा दिवसांनी तो आणि नेहा थायलंडला निघालेत. आधी चियांग माई, मग दक्षिणेतलं एखादं बेट. "टॅक्सीबिक्सी नाही, स्कूटर भाड्यानं घेणार आणि फिरणार," तो म्हणाला.

पिंट्यानं लगेच खुर्ची पुढं ओढली. हा माणूस रात्री दहाला गॉगल कपाळावर ठेवून बसतो. बालीला एकदा आणि थायलंडला दोनदा जाऊन आलाय, पण जगातल्या सगळ्या बेटांचा सातबारा याच्या नावावर असल्यासारखा बोलतो. "एकदम सोपं आहे भो. दुकानात जायचं, पासपोर्ट टेकवायचा, किल्ली घ्यायची. दोनशे ते तीनशे बाट रोजचे. कोणी काही विचारत नाही. आम्ही बालीत होतो तेव्हा..."

"पासपोर्ट कायले देतो रे?" बबनदादा म्हणाला.

बबनदादाचं गॅरेज कट्ट्यापासून शंभर पावलांवर आहे. देशाबाहेर तो कधी गेला नाही, पण तीस वर्षं दुचाकी खोलतोय. हात पुसायचं फडकं अजून खांद्यावर होतं.

"डिपॉझिट म्हणून दादा. सगळे देतात."

"सगळे देतात म्हणून तू देशील. आप्पा, पासपोर्ट कोनाचा असतो हो?"

आप्पांची सगळी नोकरी विम्यात गेली, कागद वाचायची सवय हाडात मुरलेली. ते म्हणाले, "१९६७ च्या पासपोर्ट कायद्यात स्पष्ट लिहिलंय, पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता. आपल्याजवळ फक्त वापरायला."

"घ्या. जी वस्तू तुझी नही, ती गहाण ठेवणारा तू कोन?"

पिंट्यानं चहाचा घोट घेतला आणि पोटरीवरचा डाग दाखवायला पँट वर केली. सायलेन्सरचा चटका. थायलंडात एवढ्या पर्यटकांच्या उजव्या पोटरीवर हा डाग पडतो की तिथे त्याला गमतीनं 'थाय टॅटू' म्हणतात. पिंट्यानं तो लष्करी पदकासारखा दाखवला. सहा वर्षांत आम्ही तो किमान पन्नास वेळा पाहिला असेल.

इथे मला बोलावंच लागलं, कारण मी पासपोर्ट देऊन बसलेलो माणूस आहे. २०१९ ची गोष्ट, थायलंडच्या दक्षिणेतलं एक बेट. २५० बाट रोजानं चार दिवस स्कूटर घेतली, पासपोर्ट दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये. परत द्यायला गेलो तेव्हा तो गुडघ्यावर बसला, पुढच्या पत्र्याखाली, जिथे चिखल उडतो तिथे बोट फिरवलं आणि म्हणाला, हा ओरखडा नवा आहे, नऊ हजार बाट. मी म्हटलं, मी पडलोच नाही. तो शांतपणे ड्रॉवरला कुलूप लावून उभा राहिला. अकराची बोट होती आणि घड्याळात दहा वीस झाले होते. सहा हजारांवर तोडलं, म्हणजे तेव्हाचे साडेतेरा हजार रुपये. भाडं १,००० बाट, ओरखडा ६,००० बाट. तो कुलपाचा आवाज मला अजून आठवतो. माझ्या भावानं, माझ्या मित्रानं त्या टेबलासमोर तसं उभं राहू नये एवढंच मला वाटतं, म्हणून ही गोष्ट मी निघणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

"ओरखड्यात रंग कसा होता?" बबनदादानं विचारलं.

"काळपट."

"मग जुनाच होता तो. नव्या ओरखड्यात प्लास्टिक पांढरं दिसतं, भुगा लागतो बोटाले. जुन्यात तेल-माती जाऊन बसलेली असते. बोट ओलं करून घासायचं आन् त्यालेच दाखवायचं."

सहा वर्षांनी मला हे कळलं.

वैभवनं मोबाइलवर लिहायला घेतलं. पासपोर्टऐवजी काय? मी सांगितलं, झेरॉक्स आणि रोख डिपॉझिट. दोन-तीन हजार बाटवर तयार होणारी दुकानं सापडतात. एक नाही म्हणाला तर पुढच्या गल्लीत जायचं. अस्सल पासपोर्टशिवाय देतच नाही म्हणणाऱ्या दुकानात थांबायचंच नाही. रोजाच्या भावानं घेण्यापेक्षा आठवड्याच्या बोलीनं स्वस्त पडतं. आणि किल्ली हातात घेण्याआधी दुकानदारासमोर स्कूटरभोवती फिरून व्हिडिओ काढायचा. पुढच्या पत्र्याखालून, आरसे, सायलेन्सर, किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा. तो लगेच त्याच्याच व्हॉट्सॲपवर पाठवायचा, म्हणजे वेळ-तारीख दोघांकडे राहते.

"आन् ब्रेक दाबून पाय," बबनदादा म्हणाला. "व्हिडिओ काढशील आन् ब्रेक पायशील नही. टायरच्या नक्षीत नख जाते का पाय. दोन्ही लाइट, हॉर्न. दुकानात भाव करायले अर्धा तास घालवता तुम्ही लोक, मंग टायर पायाले दोन मिनिटं नसता तुमच्याजवळ."

पिंट्या म्हणाला, "अरे इतकं घाबरवू नका पोराला! मजा करायला चाललाय तो. वैभव, चियांग माईहून सरळ पाई नावाच्या गावाला जा. ७६२ वळणं आहेत रस्त्याला, टीशर्टवर छापून विकतात तिथे! मी कन्नडचा घाट एका हातानं उतरतो..."

"म्हणून तर माझं गॅरेज चालते," बबनदादा म्हणाला.

शेजारच्या टेबलावरची पोरंही हसली. पिंट्यानं गॉगल डोळ्यांवर ओढला.

आप्पांनी तेवढ्यात विम्याचं काढलं. त्यांना या विषयावर थांबवणं अवघड, आणि थांबवूही नये. "प्रवासाच्या पॉलिसीत दुचाकीचं कलम वाचल्याशिवाय सही करू नको. काहींत इंजिनाच्या सीसीची मर्यादा असते. हेल्मेट नव्हतं, वैध परवाना नव्हता, की दावा गेला. आणि भाड्याच्या स्कूटरला तिथला जो सक्तीचा विमा असतो, तो जखमी माणसापुरता, तोही थोडकाच. स्कूटरचं नुकसान त्यात बसत नाही. दवाखान्याचं बिल तुझ्या खिशातून, स्कूटरचंही तुझ्या खिशातून."

"आपल्याकडे कोण बघतं परवाना..." पिंट्या पुटपुटला.

"आपल्याकडे बघत नाहीत म्हणून हायवेवरच्या अजिंठा चौफुलीवर काय होतं ते रोज बघतोस ना?" आप्पा पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. सगळे गप्प झाले. आमच्यातल्या दोघांच्या घरची माणसं त्या हायवेनं नेलीत. आप्पांनीच मग आवाज खाली आणला. "थायलंडातही रस्त्यावर मरणाऱ्यांत बहुतेक दुचाकीवालेच असतात. तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, म्हणून आपला माणूस गाफील राहतो. आणि तुझी बाली रे पिंट्या, २०२३ मध्ये तिथल्या गव्हर्नरानं परदेशी पर्यटकांना दुचाकी भाड्यानं द्यायचीच नाही असं म्हटलं होतं. तुझ्यासारखे उघड्या डोक्यानं फिरले म्हणूनच."

"माझं नाव घेऊन म्हटलं होतं का?"

"नाव नही, डाग सांगितला असंल," बबनदादा म्हणाला. "वैभव, लायसन्स दाखव तुझं."

वैभवनं पाकिटातून कार्ड काढलं. बबनदादानं मोबाइलची बॅटरी लावली, कार्ड डोळ्यांपासून हातभर लांब धरलं, मग आप्पांकडे दिलं. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवून दोन वेळा वाचलं.

"एलएमव्ही. पुढं?"

"पुढं काय?"

"पुढं काही नाही, हेच विचारतोय. हे चारचाकीचं आहे. दुचाकीचा वर्ग कुठाय?"

वैभवचा चेहरा बघण्यासारखा झाला. दहावीपासून स्कूटर चालवतोय पोरगा. परवाना मात्र वडिलांनी गाडी घेतली तेव्हा काढला, त्यामुळे गाडीपुरताच. जळगावात आजवर कोणी विचारलं नाही. पण थायलंडात चालवायला आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका लागते, आणि आरटीओ ती देतं मूळ परवान्यावरूनच. चार-अ नंबरचा फॉर्म, १,००० रुपये फी, मुदत एक वर्ष. आणि जो वर्ग मूळ कार्डावर नाही, तो त्या पुस्तिकेत येत नाही. तिथल्या पोलिसानं चौकीवर अडवलं तर ती पुस्तिका आणि मूळ कार्ड, दोन्ही दाखवावी लागतात.

"उद्याच काढतो की दुचाकीचं."

"शिकाऊ काढशील. पक्क्याला त्यानंतर तीस दिवस थांबावं लागतं," आप्पा म्हणाले. "तिकीट पंधरा दिवसांनंतरचं."

पिंट्याला स्फुरण चढलं. "तेच सांगतोय! काही लागत नाही. आणि मी तर पुढच्या वर्षी व्हिएतनामला चाललोय, हनोईहून वर डोंगरात. हा परवाना काढून ठेवतो, झालं."

"व्हिएतनामात तो चालत नाही," आप्पा. "आपला निघतो रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारावर, ते मानतात १९६८ चा व्हिएन्नाचा."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथे तू मागं बसायचं."

मागं बसायचं हा शब्द हवेत तसाच राहिला, आणि बबनदादानं हळूच विचारलं, "सूनबाईचं लायसन्स हाये का रे?"

वैभवनं नेहाला फोन लावला. स्पीकरवर. तिनं झोपेतल्या आवाजात सांगितलं, हो, कॉलेजला असताना काढलंय, कपाटात आहे, थांबा बघते. मग कपाटाचं दार, मग पिशवीची चेन, मग, "एमसीडब्ल्यूजी लिहिलंय. म्हणजे काय?"

"म्हणजे गिअरची मोटरसायकल, त्यात स्कूटरही आली, सूनबाई," आप्पा म्हणाले. "म्हणजे थायलंडात स्कूटर तुम्ही चालवायची."

दोन सेकंद शांतता. मग नेहा म्हणाली, "बरं. पण यांना सांगा, मागं बसून ब्रेक ब्रेक म्हणून ओरडायचं नाही. आणि हेल्मेट दोघांना."

पिंट्याला हे सहनच होईना. "बायकोच्या मागं बसून फिरणार? फोटो काय काढणार तू? लोक काय म्हणतील?"

"तिथे कोन वळखते त्याले?" बबनदादा म्हणाला. "आन् नुसतं पिंट्याच वळखत असला तर त्याच्यासाठी सूनबाईनं पायी चालायचं का?"

मला बबनदादाचं हे इतकं पटलं की मी त्याच्यासाठी दुसरा चहा सांगितला. सुरक्षित कसं फिरायचं यावर मी दहा ठिकाणी वाचलं असेल. ज्याच्याकडे परवाना आहे त्यानं चालवावं, इतकं साधं मला सुचलं नव्हतं.

मग वैभवला व्हिडिओचा सराव करायची हुक्की आली. बबनदादाची जुनी ॲक्टिव्हा खांबाखाली उभी होती. वैभव मोबाइल धरून खाली वाकला आणि दुकानदारासमोर उभं असल्यासारखा मोठ्यानं बोलत फिरू लागला. "पुढचा पत्रा, उजवीकडे ओरखडा, काळपट, जुना. मागचं मडगार्ड, तडा. किलोमीटर चौऱ्याहत्तर हजार. पेट्रोल, काटा लाल रेषेवर. उजवा आरसा आहे. डावा आरसा..." तो थांबला. "दादा, डावा आरसा नाहीये."

"त्याचा मालक इथेच बसलाय," बबनदादा म्हणाला.

सगळ्यांनी पिंट्याकडे पाहिलं. २०१६ च्या पावसाळ्यातली गोष्ट, कट्ट्यावर सगळ्यांना पाठ आहे. पिंट्या ही ॲक्टिव्हा घेऊन पाटणादेवीला गेला होता. 'रात्रीपर्यंत आणतो' म्हणून नेली, तिसऱ्या दिवशी आली, टाकी कोरडी आणि डावा आरसा गायब.

"तो आधीच तुटलेला होता!" पिंट्या ओरडला.

"पाय आता," बबनदादा माझ्याकडे वळून म्हणाला. "तुझा तो दुकानदार खोटा होता, मान्य. पन त्याच्या दुकानात असे पिंटेबी येतच असतील ना? मी तेव्हा व्हिडिओ काढला असता तं आज मले मागून कोन येते ते दिसलं असतं."

"साडेतीनशे रुपयांचा आरसा, दादा! किती वर्षं?"

"साडेतीनशे दे मंग."

पिंट्यानं खिसे चाचपले. दोन्ही. मग गॉगल काढून पुसायला लागला, जसा तो चहाच्या बिलाच्या वेळी पुसतो.

बबनदादानं फडकं खांद्यावरून काढलं, तळवा पुसला आणि पिंट्यासमोर पसरला. "पासपोर्ट दे. आरसा येईपर्यंत माझ्या ड्रॉवरात राहील."

आप्पांना असा ठसका लागला की चहावाल्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला, आणि वैभवचा व्हिडिओ तेव्हाही चालूच होता.