बाया परत डबक्यावर का गेल्या?

रविवारी संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तो युगांडावरून. आमच्यातला एकजण तिकडे बोअर मारणाऱ्या कंपनीत आहे, सुट्टीवर सोलापूरला आलाय. चहाचा ग्लास हातात घेतला न घेतला तोच म्हणाला, "तिकडं काहीही द्या, लोक टिकवतच नाहीत. हापसा बसवला, दोन वर्षांनी गेलो, तर बाया परत डबक्यावर. नवीन काही नकोच असतं त्यांना."

"नको कसं असेल?" बँकेतला मित्र म्हणाला. "शेजारच्या केनियात २००७ मध्ये एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, सुरू झालं. साधा बटणाचा फोन आणि कोपऱ्यावरचा दुकानदार एजंट. नैरोबीत राबणारा माणूस आधी बसवाल्याच्या हाती घरी पैसे धाडायचा, तो फोनवरून धाडायला लागला. कुणी समजवायला गेलं नव्हतं."

"फोन ज्याचा त्याचा असतो रे. हापसा गावाचा, म्हणजे कुणाचाच नाही. पाणी समिती होते, वर्गणी ठरते, चार महिन्यांत देणं बंद."

हे त्याचं खरं आहे, आणि ते मी तिथंच मान्य केलं. पण एकदा वर्गणी देऊनही हापसा महिनाभर बंदच राहिला, तर पुढच्या वेळी मीसुद्धा देणार नाही. त्याला आडमुठेपणा म्हणायचं का?

इतका वेळ काका गप्प होते. हयातभर त्यांनी हापसे दुरुस्त केले. "इंडिया मार्क टू हापसाच बसवता ना तिकडं? मग तो इथलाच की," ते म्हणाले. ही गोष्ट आमच्या गावातही फार जणांना ठाऊक नाही. पूर्वीचे पंप बिडाचे, एका घराच्या परसातले. अख्खं गाव हापसायला लागलं की मोडायचे. साठच्या दशकात जालन्याच्या मिशनऱ्यांनी त्यात सुधारणा केली, पुढे सोलापूर पंप निघाला, आणि त्याच्यावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं मार्क टू घडला. काकांनी बोटानं हवेत दांडा काढून दाखवला, "इथं साखळी. त्यामुळं दांडा कसाही हापसा, आतली सळई सरळच जाते."

"पण त्याचं एक आहे," ते पुढं म्हणाले. "आतला वायसर झिजला की सगळे पाइप उपसावे लागतात. तिपाई पाहिजे, चार माणसं पाहिजेत, गाडी पाहिजे. आमची गाडी तालुक्यावरून यायची. तिकडं कोण येतं?"

युगांडावाला काही बोलला नाही. मला प्लेपंप आठवला. मुलांनी चक्रावर खेळायचं आणि त्यावर पाणी चढायचं, अशी ती कल्पना. २०१० पर्यंत आफ्रिकेत असे ४००० बसवायचे ठरले होते, एकेकाला सुमारे १४,००० डॉलर. कुठं कुठं तर चालता हापसा काढून ते चक्र बसवलं. मुलं काही दिवसभर खेळत नाहीत, मग मोझांबिकमध्ये बायाच ते लोखंडी चक्र हातानं ढकलत होत्या. त्यांना आधी कुणी विचारलं असतं, तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं.

"त्या बाया डबक्यावर का गेल्या, विचारलंस का?" काकांनी मूळ मुद्दा पुन्हा धरला.

"पाणी लाल यायचं. गंजाचं. कपड्यांवर डाग पडायचे."

"पाणी आंबट असणार तिथलं. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप खातं ते. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड, त्यात हाच पाइप वर्षानुवर्षं टिकतो. तिथं स्टेनलेस नाहीतर पीव्हीसी घालायला पाहिजे."

"महाग पडतं काका. टेंडर स्वस्तवाल्यालाच मिळतं."

मला राहवलं नाही. हापसून हापसून लाल पाणी भरायचं आणि त्यासाठी वर्गणीही द्यायची, असं कोणती बाई करेल? आपल्या आईनं केलं असतं का? मी तसं म्हणालोही, जरा मोठ्यानंच. टपरीवाला वळून बघायला लागला.

काकांचा आवाज मात्र तसाच. "बोअर मारल्यावर पाणी तपासता ना?"

"तपासतो."

"मग आंबट आहे ते कळतं?"

"कळतं. रिपोर्ट येतो."

"आणि पाइप सोडताना तो रिपोर्ट कुठं असतो?"

त्यानं ग्लास कट्ट्यावर ठेवला. "फाइलीत," तो म्हणाला. "फाइल माझ्याकडंच असते."